पावणेदोन कोटी अंक आणि दाराची फट

आर्मस पेल्कोनेनने आयुष्यभर बर्फ ढकलला. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, लेक सुपिरिअरच्या काठावर साल्मी नावाचं गाव आहे. तिथे सहा महिने बर्फ पडतो आणि उरलेले सहा महिने लोक त्याच्याविषयी बोलतात. काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक आर्मसकडे होता. सकाळी तो रस्ता मोकळा करायचा, दुपारी आभाळ तो पुन्हा भरून टाकायचं, आणि दोघांपैकी कुणीही मनाला लावून घ्यायचं नाही. शेजारचा रूडी हार्यू म्हणायचा, "तुझं काम चांगलं झालं की तिथे काहीच नसतं. असलं काम करायला माणूस थोडा वेडा लागतो."

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करतो? साल्मीतले बाकीचे तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. आर्मसने आकडा धरला.

त्याला गणित येत होतं अशातला भाग नाही. शाळेत अपूर्णांक आले तेव्हा त्याने शाळेशी आणि अपूर्णांकांशी एकदमच काडीमोड घेतला होता. पण न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत चाळलेल्या एका मासिकात त्याने वाचलं, की जगभरची हौशी माणसं मिळून एका जातीच्या मूळ संख्या शोधतायत. मूळ संख्या, म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुणीही भाग जात नाही अशी. तुम्ही आपलं मशीन, म्हणजे घरचा कॉम्प्युटर, कामाला लावायचं, त्या लोकांचा संघ तुम्हाला इंटरनेटवरून एक संख्या नेमून देतो. मुलगी कॅरन लग्न करून अ‍ॅरिझोनाला गेली तेव्हा तिचं मशीन मागे राहिलं होतं. आर्मसने ते जोडलं.

त्याची संख्या कशी बनते, हे त्याने रूडीला आणि रूडीच्या बायकोला, लेम्पीला, एकदा कॉफीवर समजावलं होतं.

"दोन घ्यायचे. दोनाने गुणायचं. आलेल्याला पुन्हा दोनाने. असं करत करत जवळजवळ पावणेसहा कोटी दोन एकमेकांना गुणायचे. मग त्यातून एक वजा करायचा."

"एवढा डोंगर रचायचा आणि वरचा एक खडा काढायचा?" रूडी म्हणाला.

"हो."

"मग आधी तो ठेवायचाच कशाला?"

"रूडी, त्याला बोलू दे," लेम्पी म्हणाली. "तू आयुष्यात कधी चारच्या पुढे मोजलं नाहीस. तेही पत्त्यांत चार एक्के असतात म्हणून."

आर्मसने मग सांगितलं, की दोन किती वेळा घ्यायचे तो आकडाही मूळच निवडतात, आणि लहानपणी या घराण्यातली पोरं मोठी गुणी निघतात. तीन, सात, एकतीस, एकशे सत्तावीस, सगळ्या मूळ. म्हणून माणूस खूश होऊन पुढे जातो, तर दोन हजार सत्तेचाळीस दारात उभी. दिसायला तशीच सरळ, पण आतून तेवीस गुणिले एकोणनव्वद. आणि पुढे मग जवळजवळ सगळ्याच तसल्या. साऱ्या जगाने इतकी वर्षं शोधून चांगल्या निघाल्या त्या जेमतेम पन्नास.

"आणि तुझीला किती अंक?"

"पावणेदोन कोटी."

लेम्पीने कप खाली ठेवला. "हे कुणी लिहून काढलं तर?"

"आपल्या टाऊन हॉलमध्ये मावायचं नाही."

"आपल्या टाऊन हॉलमध्ये त्या जाड्या लुडविकचं पोटही मावत नाही," रूडी म्हणाला. "त्याने काही ठरत नाही."

एवढी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायची रीत मात्र ऐकायला सोपी. चारापासून निघायचं. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, जी तपासायची त्या संख्येने भागून बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा भागाकार. साताचं एका दमात होतं. चाराचा वर्ग सोळा, दोन गेले चौदा, साताने भागलं, बाकी शून्य. शून्य आलं की मूळ. आर्मसने हे लेम्पीला कागदी रुमालावर करून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "सात मूळ आहे हे माझ्या मांजरालाही ठाऊक आहे, आर्मस." पण आर्मसच्या संख्येला असे जवळजवळ पावणेसहा कोटी दम लागत. मशीनला महिना-दीड महिना. शेवटी शून्य आलं नाही की जी काही वेडीवाकडी बाकी उरेल तिचं शेपूट, म्हणजे शेवटचे काही अंक, संघाला कळवायचं, आणि पुढची संख्या घ्यायची.

आजवर त्याला एकदाही शून्य आलं नव्हतं. त्याचं त्याला दुःख नव्हतं. 'ही नाही, ही नाही, हीपण नाही' असं म्हणत एकेक संख्या मागे टाकणं म्हणजे त्याला रस्ता मोकळा केल्यासारखं वाटे. फरक इतकाच, की हा रस्ता दुपारी पुन्हा भरत नसे.

हेल्मीला, म्हणजे त्याच्या बायकोला, यातलं काहीही चालत नव्हतं. संख्येबद्दल तिची तक्रार नव्हती, मशीनच्या घरघरीबद्दल होती. ती खिडकीशी विणत बसायची आणि तिला शांतता लागायची. तिसऱ्याच दिवशी तिने सुई रोखून सांगितलं, "एक तर या घरात ते घरघरेल, नाहीतर मी. ठरव."

आर्मसने मशीन उचलून साउनात नेलं.

साल्मीत घराला छप्पर नसलं तरी एक वेळ चालेल, पण मागच्या अंगणात साउना, म्हणजे वाफेची न्हाणी, हवं. आतली खोली लाकडाची, शेगडीवर दगड तापलेले, ओगराळ्याने पाणी टाकलं की फुस्सकन वाफ उठते. पुढे कपडे बदलायची छोटी खोली. या खोलीतला पाण्याचा नळ दर जानेवारीत गोठायचा. मशीन तिथे ठेवल्यावर त्याच्या उबेने तो गोठायचा थांबला. हेल्मीनेही ते मान्य केलं. "पहिल्यांदाच गणिताचा उपयोग झाला," असं म्हणाली.

शनिवारी साउना तापायचं. रूडी-लेम्पी यायची. आधी बायका आत जायच्या, मग पुरुष, आणि पाहुणे गेल्यावर शेवटची वाफ नवरा-बायकोची. हेल्मी वरच्या फळीवर बसायची आणि आर्मस गुपचूप खालच्या. सहा फुटांचा, ट्रक चालवणारा हा गडी वरच्या फळीवर पाच मिनिटं टिकत नसे, हे गावात फक्त हेल्मीला ठाऊक होतं. मधलं दार मात्र तिला घट्ट लागलेलं हवं. "दार लाव, वाफ जाते," हे वाक्य तिने संसारात जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा त्याचं नावही घेतलं नसेल.

गेल्याच्या गेल्या शरदात हेल्मी गेली.

साउना तापवणं आर्मसने सोडलं नाही. शनिवारी साउना तापवायचं नाही, तर मग शनिवारला शनिवार म्हणायचं कशावरून? पण बायकांची फेरी संपली तशी लेम्पी यायची थांबली. त्याच हिवाळ्यात रूडीच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरने त्याला वाफ बंद केली. आता आर्मस एकटाच आत बसायचा. पहिल्या शनिवारी तो खालच्या फळीवर बसला, दार घट्ट लावलं, आणि आत इतकं शांत झालं की त्याला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. तो उठला आणि त्याने दार चार बोटं उघडं ठेवलं. फटीतून मशीनची घरघर आत आली. मग कुठे त्याला बसवलं.

त्यानंतर दर शनिवारी दाराला फट राहिली. उन्हाळ्यात बाहेरचं दार सताड उघडं असायचं, हिवाळ्यात ते बंद, आणि तेव्हा शनिवारी मशीनचा आवाज जरा चढायचासुद्धा. त्यालाही सोबत आवडत असावी, असं आर्मसने धरलं.

त्याला आणखी एक सोबत होती, पण तिचं नाव-गाव त्याला माहीत नव्हतं. संघाचा नियम असा, की प्रत्येक संख्या दोघांनी तपासायची. एकाने 'मूळ नाही' म्हटलं की काही महिन्यांनी दुसरा कुणी पहिल्यापासून तोच सगळा हिशेब करतो. दोघांची बाकी जुळली तर त्या संख्येवर कायमची फुली. एक अंक जरी कुठे घसरला, तरी त्यापुढच्या कोट्यवधी पायऱ्या खोट्या आणि शेवटची बाकी भलतीच. आर्मसच्या संख्यांमागून बरीच वर्षं एकच माणूस येत होतं. टोपणनाव 'स्टिलवॉटर'. संघाच्या यादीत त्याच्या प्रत्येक संख्येखाली थोड्या महिन्यांनी स्टिलवॉटर उमटायचं आणि पुढे एकच शब्द: जुळलं. दोघांनी एकमेकांना कधी नमस्कारही लिहिला नव्हता. पण महिना-दीड महिना खपून काढलेला तोच भलामोठा निरर्थक आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी घरात तसाच्या तसा निघतो, हे आर्मसला भाकरीइतकं पुरायचं.

"बाई असणार," रूडीने निकाल दिला होता. "इतक्या चिकाटीने दुसऱ्याची चूक शोधणारा पुरुष मी पाहिला नाही."

"शोधायला चुका लागतात," लेम्पी म्हणाली होती. "तुझ्या बाबतीत आम्हाला चिकाटी लागत नाही."

फेब्रुवारीत एका दुपारी आर्मसने पाहिलं, तर त्याच्या संख्येखाली लिहिलं होतं: जुळलं नाही.

तो खुर्चीत मागे टेकला. चूक समोरच्याची असणार. पण तिसऱ्या माणसाने मोठ्या मशीनवर चार दिवसांत तपासलं आणि बाकी स्टिलवॉटरच्या बाजूने पडली. मग आणखी दोन संख्या तशाच गेल्या. मग स्टिलवॉटरचा पहिलावहिला निरोप आला. "तुमच्या तीन संख्या चुकल्या. तिन्ही हिवाळ्यातल्या, गेल्या दोन हिवाळ्यांतल्या. त्याआधीची एकही नाही. मशीन कुठे ठेवलं आहे?"

आर्मसला राग आला. उभ्या हयातीत त्याने एक गल्ली अर्धवट सोडली नव्हती. अंत्ययात्रा निघायची असली की गाव आधी त्याला फोन करायचं आणि मग पाद्र्याला. आणि आता कुणीतरी कुठूनतरी विचारतंय, मशीन कुठे ठेवलंय. त्याने उत्तर लिहिलं नाही. मशीनची स्मृती तपासायचा एक प्रोग्राम असतो, तो सोमवारी लावला आणि बुधवारपर्यंत चालू ठेवला. एकही चूक नाही. गुरुवारी तो कॉफी प्यायला रूडीकडे गेला तो फुरंगटूनच.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"मीपण ठणठणीत होतो," रूडी म्हणाला. "डॉक्टरकडे जाईपर्यंत."

"यात हसण्यासारखं काय आहे? तीन चुकल्या म्हणजे बाकीच्यांचं काय? मी 'नाही' म्हणून मागे टाकलेल्यांतली एखादी 'हो' असली तर?"

"तर ती स्टिलवॉटरबाई शोधेल."

"तो प्रश्न नाही."

लेम्पी नाडकेक कापत होती. हा खरं म्हणजे वेलदोडे घातलेला गोड पाव, तिथे त्याला निसू म्हणतात, पण लेम्पीचा निसू इतका जड असे की रूडी त्याला नाडकेक म्हणायचा, कारण खाल्ल्यावर माणसाची नाडी तपासावी लागते. ती न बघता म्हणाली, "मग प्रश्न कोणता, आर्मस?"

आर्मसने कप बशीत गोल फिरवला. "माझं दुसरं काही नाहीये गं आता," तो म्हणाला. "एवढंच होतं, ते तरी बरोबर असावं."

रूडीने तो कप पुन्हा भरला.

शनिवारी आर्मस नेहमीप्रमाणे साउनात बसला होता. बाहेरचं दार वाजलं आणि रूडीचा आवाज आला. "मी आहे. लेम्पीने निसू पाठवलाय. आत येत नाही, मरायचंय का मला. बाकावर ठेवतो."

"बस ना थोडा."

बाक करकरला. रूडी बसला असावा. 

"आर्मस."

"काय?"

"हे तुझं मशीन धापा टाकतंय."

"नाही. शनिवारी ते तसं गातं."

"गातं?" रूडी म्हणाला. "बाबा रे, धापा म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. शस्त्रक्रियेच्या आधी सहा महिने मी दुसरं काही केलं नाही. लेम्पीलाही वाटायचं मी गुणगुणतोय. आणि इथे उकडतंय किती. ती फट कशाला ठेवलीयस? सगळी वाफ याच्या नाकात जातेय."

आर्मस टॉवेल गुंडाळून बाहेर आला. रूडी कोट काढून, घाम पुसत बसला होता. मशीनच्या झाकणावर आर्मसने हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. आतला पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. सोमवार ते बुधवार थंड खोलीत हेच यंत्र साधूसारखं शांत होतं. दर शनिवारी तासभर त्याने त्याला वाफेत कोंडलं होतं आणि वर त्याचं गाणं ऐकत बसला होता. त्या तासात कुठेतरी एक अंक घसरायचा, आणि पुढचे कित्येक आठवडे ते बिचारं प्रामाणिकपणे खोटं मोजत राहायचं.

"हेल्मी सांगायची ना," रूडी म्हणाला, "दार लाव म्हणून."

"वाफ जाते म्हणून सांगायची."

"कारण काही का असेना."

"दार लावलं की आत काहीच ऐकू येत नाही, रूडी," आर्मस म्हणाला.

रूडीने निसूची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "हो. ते असेल."

आता आर्मसपुढे दोन गोष्टी होत्या. एक अगदी सोपी होती. दार लावायचं, मशीन तिथेच ठेवायचं, स्टिलवॉटरला लिहायचं की पंखा बिघडला होता, बदलला. झालेल्या चुका ज्याच्या त्याच्या वेळी सापडल्या असत्या, आणि कुणी त्याला नावं ठेवली नसती. पण त्याला हेल्मीने कॅरनसाठी विणलेला निळा स्वेटर आठवला. पुरा होऊन घडी घातलेला. काखेत एक टाका सुटलाय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तो बाहीपर्यंत उसवला. "काखेतलं कोण बघतंय?" असं तो म्हणाला होता. ती म्हणाली होती, "मला माहीत आहे ना."

रविवारी त्याने स्टिलवॉटरला लिहिलं. आयुष्यात त्याने इतकं लांब पत्र कुणाला लिहिलं नव्हतं, कॅरनलाही नाही. साउना, शनिवार, दार, फट, सगळं. गेल्या दोन हिवाळ्यांतली माझी एकही संख्या खरी धरू नका, मी सगळ्या पहिल्यापासून करतो. फट का ठेवली होती तेही त्याने लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. "अर्ध्या माझ्याकडे द्या. इथेही शनिवार मोठे असतात."

आर्मसने ते कितीदा तरी वाचलं. 'इथे' म्हणजे कुठे ते त्याने विचारलं नाही, आणि पलीकडूनही कुणी सांगितलं नाही.

मग मशीन घरात आणायचं होतं. साउनात तो ते आता ठेवणार नव्हता, दार लावूनही नाही. रूडीने नळासाठी आपला जुना हीटर दिला आणि मशीन उचलायला मदत करायला आला, म्हणजे पुढे चालत सूचना देत आला. स्वयंपाकघराच्या दारात आर्मस थांबला. पायाखाली बर्फ, हातात मशीन, आणि आत खिडकीशी ती रिकामी खुर्ची.

"काय झालं? जड आहे?" रूडीने विचारलं.

"तिने सांगितलं होतं, एक तर ते, नाहीतर मी."

रूडीने टोपी काढून डोकं खाजवलं. "आर्मस, मी तुझ्या बायकोला तुझ्याइतकाच घाबरायचो. पण नळाच्या वेळी तिने ऐकलं होतं. समजावून सांग."

आर्मसने मशीन खिडकीपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवलं. जुन्या दाढीच्या ब्रशाने पंखा झाडला, खाली हेल्मीच्या लोकरीचा उरलेला तुकडा घडी करून घातला. म्हणजे घरघर कमी होईल, असं तो रूडीला म्हणाला. लोकरीने फारसा फरक पडला नाही. घर घरघरायला लागलं. पहिले काही दिवस तो जाता-येता खिडकीकडे बघून मान खाली घालायचा, चोरून गोड खाताना सापडलेल्या पोरासारखा.

आणि शनिवारी साउना. दार घट्ट. आत तो, दगड, आणि कानातलं रक्त. ते काही सोपं झालं नाही. रूडी एकदा-दोनदा येऊन बाहेरच्या बाकावर बसला, पण मार्चच्या वादळात लेम्पीने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही, आणि नंतर सवय मोडली. आर्मस बसायचा तितका वेळ बसायचा आणि यायचा.

एप्रिलमध्ये पहिल्या चुकलेल्या संख्येचा नवा हिशेब पुरा झाला. शनिवार होता. पडद्यावर बाकी आली. शून्य नव्हतं. त्याने ती कळवली आणि स्टोव्हवर कॉफी ठेवली. स्टिलवॉटरची बाकी तिथे आधीच पडून होती, त्यामुळे कॉफी व्हायच्या आत संख्येखाली शब्द उमटला.

जुळलं.

तो लगेच कोट चढवून रूडीकडे गेला. इतका लगबगीने, की लेम्पीला वाटलं आग लागली.

"जुळलं," तो म्हणाला.

"म्हणजे मूळ निघाली?"

"नाही. मूळ नाहीच."

रूडी त्याच्याकडे बघत राहिला. "म्हणजे आधी तू म्हणालास 'नाही'. मग महिना-दीड महिना वीज जाळलीस. आणि आता म्हणतोस 'नाही'."

"पण हे 'नाही' बरोबर आहे."

"लेम्पी," रूडी म्हणाला, "याला निसू दे. याला गोड तरी दे काहीतरी."

साउना तापलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि छपरावरचा बर्फ थेंबाथेंबाने वितळत होता. आर्मस आत गेला, दार लावून घेतलं, नीट ओढून पाहिलं. आणि आज तो खालच्या फळीवर बसला नाही. वर चढला, भिंतीशी जराशी जागा सोडून बसला.

"जुळलं बरं का," तो त्या जागेला म्हणाला. "घरात आणलंय ते. खिडकीपासून लांब ठेवलंय."

 त्याने एक ओगराळं पाणी दगडांवर टाकलं. ते त्याचं. मग दुसरं टाकलं, ते तिचं, आणि ते तिच्या मापाने काठोकाठ भरलेलं होतं. दगड कडाडले, वाफ छताला लागून खाली आली आणि त्याच्या कानांच्या पाळ्या भाजल्या. त्याने दात आवळले, थोडा वेळ धीर धरला, आणि मग टॉवेल सावरत मुकाट्याने खालच्या फळीवर उतरला.